मे महिन्यात, भर दुपारी टेस्ट ड्राइव्ह

प्रश्न : आम्ही वर्ध्याला राहतो. घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं, असे सहा जण. जुनी डिझेल गाडी काढून मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं चाललंय. शोरूममध्ये सहाशेच्या वर रेंज सांगतात. शेजारी म्हणतात, आपल्याकडच्या उन्हात बॅटरी दोन वर्षांत बसते, आणि पेट घेते ते वेगळंच. सुट्टीत पुण्याला जाणं असतंच. गाडी निवडताना नेमकं काय पाहायचं?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स आणि आसपासच्या भागात, निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांनी असाच ओरडा केला होता. त्या गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्या असत. गाडी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि पट्ट्या एकेक करून मावळायला लागल्या. थंड प्रदेशातल्या लीफना मात्र इतक्या लवकर हा त्रास होत नव्हता. कारण उघड होतं. त्या बॅटरीला थंड करणारी यंत्रणाच नव्हती. बाहेरच्या हवेने होईल तेवढं होईल, असा कारभार. प्रकरण कोर्टात गेलं. २०१३ साली कंपनीने वॉरंटी वाढवली. पाच वर्षं किंवा ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरच्या आत ९ पट्ट्यांच्या खाली क्षमता गेली तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल, असं कबूल केलं. पुढे उष्णतेला टिकणारं नवं रसायनही आणलं.

फिनिक्समध्ये जुलैत दिवसा पारा चाळिशीच्या पुढे आणि रात्री तिशीच्या जवळपास. तुमचा मे महिना याच जातीचा. त्यांच्याकडे हे चार महिने चालतं, आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की सुटका. तरी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, तो नवतपाच.

तेव्हा शोरूममध्ये पहिला प्रश्न रेंजचा विचारू नका. बॅटरी कशाने थंड होते, हे विचारा. पाण्यासारखं कूलंट बॅटरीच्या तळातून फिरतं आणि ते गार करायला एसीचा कॉम्प्रेसर मदतीला येतो, असं उत्तर हवं. आजच्या मोठ्या गाड्यांत ही सोय सहसा असतेच. पण पुढचा प्रश्न सेल्समनला क्वचितच कुणी विचारतं : गाडी बंद करून चार्जिंगला लावलेली असताना बॅटरी तापली तर कूलंट आपोआप सुरू होतं का? याचं उत्तर त्याला येत नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या माणसाला बोलवायला सांगा. संकोच कसला, वीस-पंचवीस लाखांचा व्यवहार आहे.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगतो. आपण गाडी धावताना कशी आहे ते पाहतो, आणि ऊन गाडीला गाठतं ती उभी असताना. दुपारी पार्किंगमध्ये, सिग्नलला, चार्जिंगच्या रांगेत. ऊन तासांच्या हिशेबाने वसुली करतं, किलोमीटरच्या नाही. एवढं एक सूत्र धरलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी सुटतात.

एसीचंच घ्या. उन्हात तापलेली मोठी गाडी गार करताना पहिली काही मिनिटं एसी चार-पाच किलोवॉटपर्यंत ओढतो. गारवा धरला की दीड-दोनवर येतो. दोन धरू. म्हणजे तासाला दोन युनिट. हायवेला तासाला १०० किलोमीटर गेलात तर शंभर किलोमीटरला एसीचा खर्च दोनच युनिट. एवढी मोठी गाडी स्वतः तेवढ्या अंतराला १७ ते २० युनिट खाते, त्यात हे दोन खपून जातात. तीच गाडी नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत तासाला २५ किलोमीटरने सरकत असेल, तर शंभर किलोमीटरला एसीचे आठ युनिट होतात. त्यामुळे ‘एसी लावला की रेंज अमुक टक्के कमी’ असा एकच आकडा कुणी सांगितला तर ऐकून सोडून द्या.

आता ते सहाशे. जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीचा असतो : बंद खोलीत, रोलरवर, एसी बंद, आणि वेग ९० च्या वर जातच नाही. या चाचणीत महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ला ७९ युनिटच्या बॅटरीवर ६५६ किलोमीटर आणि टाटाच्या हॅरियर ईव्हीला ७५ युनिटवर ६२७ किलोमीटर मिळाले आहेत. भागाकार करून पाहा, शंभर किलोमीटरला बारा युनिट येतात. सव्वादोन टनांच्या आसपासची गाडी, सहा माणसं, सामान, एसी आणि समृद्धी महामार्गाचा वेग असताना बारा युनिटमध्ये भागत नाही. ९० च्या वेगाला सोळा-सतरा आणि १२० ला तेवीस-चोवीस धरून चाला. ७५ युनिटच्या गाडीत पहिल्या हिशेबाने साडेचारशेच्या आसपास आणि दुसऱ्याने सव्वातीनशेच्या घरात. आणि बॅटरी शून्यावर आणून कुणी प्रवास करत नाही, त्यातून आणखी पंधरा-वीस टक्के वजा करा. या फरकात उन्हाचा हात थोडका आहे, वेगाचा मोठा. गंमत म्हणजे तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे मे महिन्यात गाडीला हवेचा अडसर हिवाळ्यापेक्षा किंचित कमीच होतो.

वर उल्लेखलेल्या दोन्ही गाड्या पाच जणांच्या आहेत हे लक्षात घ्या. तुम्ही सहा. म्हणजे तिसरी रांग हवी. महिंद्राची एक्सईव्ही ९एस तशी सातआसनी आहे, आणखीही पर्याय येताहेत. तिसऱ्या रांगेची परीक्षा कडक घ्या. बॅटरी तळाखाली असते म्हणून जमीन उंच येते आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. मागच्या काचेतून ऊन थेट मानेवर. तिथे एसीची स्वतंत्र झडप छतात किंवा बाजूला आहे का, की पुढचाच गारवा सरकत सरकत मागे येणार, हे स्वतः बसून पाहा. मुलं बसतील, चालून जाईल, असं म्हणू नका. तापलेल्या गाडीत लहानांना ऊन मोठ्यांपेक्षा लवकर बाधतं.

काचेचं छत हल्लीची फॅशन. शोरूमच्या एसीत बसून वर पाहायला छानच वाटतं. भर दुपारी एका चौरस मीटरवर सूर्य जवळपास एक किलोवॉट ओततो. चांगली काच त्यातला बराचसा परतवते, पण काच स्वतः तापते आणि डोक्यावर शेकत राहते. माझं मत विचाराल तर विदर्भात साधं पत्र्याचं छत असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, आणि रंग पांढरा. काचेचंच घ्यावं लागलं तर आतून सरकणारा पडदा आहे का, ते बघा. नुसती गडद काच पुरत नाही. बाजूच्या काचांना काळी फिल्म लावून घेऊ म्हणाल तर नियम आड येतो : पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

आता टेस्ट ड्राइव्ह. सकाळी दहाची वेळ देतील, घेऊ नका. दुपारी दोनची मागा. गाडी तासभर उन्हात, काचा बंद करून उभी ठेवायला लावा. आत साठच्या घरात तापमान जाणं नवल नाही. साधं स्वयंपाकघरातलं डिजिटल थर्मामीटर न्या आणि तिसऱ्या रांगेत, सीटच्या सावलीला ठेवा. मग एसी पूर्ण सोडून घड्याळ लावा. पुढे तीन-चार मिनिटांत बरं वाटायला लागतं. मागे पारा तिशीपर्यंत यायला किती मिनिटं लागली, तो आकडा लिहून ठेवा. दोन गाड्यांची तुलना करायला याच्याइतका प्रामाणिक आकडा तुम्हाला कुठल्याही ब्रोशरमध्ये मिळणार नाही. काही गाड्यांच्या पडद्यावर एसी किती किलोवॉट घेतोय तेही दिसतं. तेही टिपा.

दुसरी परीक्षा फास्ट चार्जरवर. हायवेला अर्धा तास पळवून, बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली असताना, सगळ्यांना आत बसवून एसी चालू ठेवून चार्जिंगला लावा. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी आतून तापते. ६० किलोवॉटने वीज घेताना दोन-तीन किलोवॉट उष्णता सहज निघते. ती काढायला कॉम्प्रेसर लागतो, आणि तुम्हाला गार ठेवायलाही तोच. एका नळावर दोन बादल्या लावल्यासारखं. चांगल्या गाडीत दोन्ही बादल्या भरतात. कच्च्या गाडीत एकतर चार्जिंगचा वेग पडतो, नाहीतर तुमचा गारवा. चार्जरच्या पडद्यावरचा किलोवॉटचा आकडा पाच-पाच मिनिटांनी पाहा. घसरला तर लगेच गाडीला दोष देऊ नका. उघड्या उन्हात उभा असलेला चार्जरही तापून स्वतःची ताकद कमी करतो. शेजारी शेडखाली दुसरा चार्जर असेल तर तिथे लावून बघा.

घरचं सोपं आहे. बॅटरीचा गठ्ठा चार-पाचशे किलोंचा, त्यामुळे आतली हवा मिनिटांत तापते तशी बॅटरी तापत नाही. ती दिवस-रात्रीच्या सरासरीच्या मागे जाते. मे महिन्यात ही सरासरीच तुमच्याकडे ३५ च्या आसपास. म्हणून झाडाची सावली, हवा खेळती असलेलं पार्किंग, यांचा उपयोग वर्षानुवर्षांच्या हिशेबात दिसतो. पत्र्याची बंद शेड असेल तर त्यापेक्षा कडुलिंबाखाली लावा, पक्षी घाण करतील ते पुसून घ्या. चार्जिंग पहाटे संपेल असं लावा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवणं हे तिच्या आयुष्याला सर्वांत वाईट; रोजच्यासाठी ८० टक्के पुरे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर बऱ्याच कंपन्या मधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात, म्हणजे मीटरचा अंदाज बिघडत नाही. तेव्हा भरा, आणि लगेच निघा. निघण्याआधी गाडी प्लगला असतानाच मोबाइलवरून एसी सुरू केला तर ते सुरुवातीचे चार-पाच किलोवॉट बॅटरीतून न जाता महावितरणकडून येतात. सातेक किलोवॉटचा चार्जर बसवणार असाल तर घराचा मंजूर भार आधी वाढवून घ्या. कूलर, एसी आणि गाडी एकदम लागले की मीटरपाशी घोटाळा होतो.

आगीबद्दल. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या, त्यातूनच ही भीती पसरली. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. गाड्यांसाठीच्या एआयएस-०३८ च्या सुधारित नियमांत एक सेल बिघडून तापला तरी प्रवाशांना धोका होण्याच्या पाच मिनिटं आधी इशारा मिळाला पाहिजे, अशी अट आहे. एलएफपी रसायन इतरांपेक्षा उशिरा भडकतं. नुसत्या ४६ अंशाने बॅटरी पेटत नाही; सेलमधला दोष, अपघातात तळाला बसलेला मार, पाणी शिरणं, ही कारणं असतात. गाडी खड्ड्यात किंवा दगडावर तळातून जोरात आपटली तर लगेच तपासून घ्या. दुसऱ्या दिवशीवर टाकू नका.

पुण्याचा प्रवास तुम्ही नाहीतरी पहाटेच सुरू करत असाल. चारला निघालात, शंभरच्या आत राहिलात, तर उन्हं चढायच्या आत जालना-संभाजीनगरच्या आसपास चार्जिंग आणि नाश्ता एकत्र होतो. तिथून पुढे अहिल्यानगरच्या बाजूला आणखी एक छोटा थांबा धरा. समृद्धीवर काँक्रीट तापतं, गाडी जड, तेव्हा टायरची हवा निघण्याआधी, टायर गार असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याला भरा. वाटेत गरम टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा काढू नका.

घ्यावी का? तुमच्या घरी चार्जिंगची सोय असेल तर घ्या. नसेल, आणि रोजचा भार बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल, तर वर्ध्याच्या उन्हात मी घेणार नाही. वॉरंटीच्या कागदात किती टक्क्यांच्या खाली बॅटरी बदलून मिळते आणि गाडी विकली तर नव्या मालकाला ती लागू होते का, या दोन ओळी सही करण्याआधी वाचा.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीत पारा सहसा ३४-३५ च्या वर जात नाही. मग आम्हाला यातली कुठलीच काळजी नको ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बॅटरीची काळजी कमी, एसीची तेवढीच. दमट हवा गार करताना एसीला हवेतलं पाणीही काढावं लागतं, आणि त्यात त्याची बरीच ताकद जाते. त्यामुळे तुमच्याकडच्या ३४ अंशांतही तो वर्ध्याइतका नाही तरी भरपूर राबतो. पावसात चार्जिंगच्या झाकणाचा रबर नीट बसतोय ना, हे पाहत जा. आणि आंब्याच्या पेट्या मुंबईला नेणार असाल तर सातआसनी गाडीची तिसरी रांग घडी करून पेट्या एसीच्या झडपेखाली ठेवा. मागच्या दाराच्या काचेला चिकटवून ठेवलेल्या पेटीतला हापूस पनवेल येईपर्यंत मऊ पडतो.