अविश्वास काय जपतो? (योहान १२:३७-४३)



आजचं मनन योहान १२:३७-४३ या सात वचनांवर आहे. आधी बायबल उघडून ती वाचून घ्या. मी खाली सगळं माझ्या शब्दांत सांगणार आहे, त्यामुळे मूळ वचन समोर असलेलं बरं.

योहानाच्या शुभवर्तमानात हे एक वळण आहे. येशूची लोकांमधली सेवा इथे संपत आली आहे. तेराव्या अध्यायापासून तो शिष्यांसोबत जेवायला बसतो, त्यांचे पाय धुतो आणि पुढे वधस्तंभाकडे जातो. त्याआधी योहान जरा थांबतो आणि हिशेब मांडतो. एवढं सगळं झालं, मग लोकांनी काय केलं? उत्तर सुखाचं नाही. इतकी चिन्हं डोळ्यांदेखत होऊनही त्यांनी विश्वास ठेवला नाही.

हा भाग घ्यायचं कारण सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारता. "दादा, मनातून येशूला मानतो, पण घरी बोललो नाही." "चर्चला जाते, पण आतून काही पटत नाही." कुणाचा नवरा विश्वास ठेवत नाही, कुणाचे आईवडील. आपण 'विश्वास' आणि 'अविश्वास' हे शब्द दिव्याच्या बटणासारखे वापरतो, एक तर चालू नाही तर बंद. योहान त्यापेक्षा खोलात जातो.

१. पुरावा कमी पडला नव्हता

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, माहिती पुरेशी आहे का? लॉग बघा, मग बोला. त्यामुळे अविश्वासाबद्दलही माझं मन आधी तिकडेच धावतं. त्या लोकांना अजून एखादा चमत्कार दिसला असता तर?

पण अकरावा अध्याय वाचा. लाजर कबरेत चार दिवस होता. येशूने हाक मारली आणि तो बाहेर आला. हे पाहून पुष्कळांनी विश्वास ठेवला (११:४५), आणि काही जण थेट परुश्यांकडे खबर द्यायला गेले (११:४६). तेच दृश्य, तीच वेळ, तेच डोळे. मग मुख्य याजक आणि परुश्यांनी सभा भरवली. त्या सभेत कुणीही म्हटलं नाही की हे खोटं आहे. हा माणूस पुष्कळ चिन्हं करतो, हे त्यांनी आपल्याच तोंडाने मान्य केलं (११:४७). पुढे तर त्यांनी लाजरालाही मारायचा बेत केला (१२:१०), कारण त्याच्यामुळे लोक येशूकडे वळत होते. म्हणजे पुरावा खोटा ठरवता येईना, म्हणून पुरावाच नाहीसा करायचा!

माझ्या वाशीमचंही बघा. तिथे नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. डॉ. ओर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या आणि त्यांनी ते उभं केलं. तिथे बरे होऊन गेलेले सगळे काही ख्रिस्ती झाले नाहीत, आणि प्रेमाने केलेल्या सेवेला तशी अट असूही नये. येशूनेही बरं करताना कुणाकडून आधी कबुली लिहून घेतली नव्हती. चांगलं काम बघून माणूस थांबतो, कृतज्ञ होतो. पण तिथून विश्वासापर्यंतचं अंतर ज्याचं त्यालाच चालावं लागतं.

२. मग अडलं कुठे?

सभेतलं पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. याला असंच सोडलं तर सगळे त्याच्यामागे जातील, आणि रोमी येऊन आपलं स्थान आणि राष्ट्र हिरावून घेतील, ही त्यांची भीती होती (११:४८). आणि आजच्या भागात योहान आणखी एका गटाबद्दल सांगतो. अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांनी विश्वास ठेवला होता, पण परुश्यांमुळे ते उघड बोलले नाहीत. आपल्याला सभाबहिष्कृत करतील, असं त्यांना वाटलं (१२:४२).

सभाबहिष्कृत म्हणजे फक्त शब्बाथाची उपासना चुकली असं नाही. आपल्याकडे 'वाळीत टाकणं' म्हणतात, तसं ते. सोयरीक, व्यवहार, उठबस, सगळ्यालाच त्याची झळ. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, यावरून ही गोष्ट किती खरी आहे ते कळतं. तेव्हा त्या अधिकाऱ्यांना भित्रे म्हणून मोकळं व्हायची घाई करू नका. भीती खरीच होती.

पण योहान भीतीच्याही खाली जातो. ४३ व्या वचनात तो सांगतो की त्यांना देवाकडच्या मानापेक्षा माणसांकडचा मान जास्त प्रिय होता. इथे मला आजच्या भागाची किल्ली मिळते. अविश्वास नुसता रिकामा नसतो. तो काहीतरी जपत असतो. सभेतल्या पुढाऱ्यांनी पद आणि राष्ट्र जपलं, अधिकाऱ्यांनी मान जपला. म्हणून स्वतःला "मला अजून किती पुरावा हवा?" असं विचारण्याआधी "मी विश्वास ठेवला तर माझ्या हातून काय सुटेल?" असं विचारावं. खरं उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं.

३. ते कठीण वचन

मध्ये ३९ आणि ४० ही वचनं आहेत. यशयाच्या शब्दांचा आधार देऊन योहान म्हणतो की देवानेच त्यांचे डोळे आंधळे केले. हे वाचून बरेच जण अडखळतात. मग त्यांचा दोष काय?

मी दोन गोष्टी धरून चालतो. एक, थोडं पुढे ४२ वं वचन 'तरीही' असं म्हणत येतं आणि पुष्कळांनी विश्वास ठेवल्याचं सांगतं. म्हणजे हा प्रत्येकाच्या दाराला लावलेला कुलूपबंद शिक्का नाही. दोन, याच अध्यायात ४४ व्या वचनापासून येशू पुन्हा मोठ्याने हाक मारतो. आपण जगाचा न्याय करायला नव्हे तर तारण करायला आलो, असं सांगतो. हिशेब मांडून झाला, तरी हाक थांबली नाही. सतत 'नाही' म्हणत राहिलं की कान हळूहळू बोथट होतात, हे या वचनातलं गांभीर्य आहे. ते स्वतःला लावून घ्यावं, शेजाऱ्याच्या कपाळावर चिकटवू नये.

४. एका मराठी घरातली दोन उत्तरं

एकच संदेश एकाच घरात दोन माणसांपर्यंत वेगवेगळ्या वेगाने कसा पोहोचतो, हे आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात टिळकांच्या घरात दिसतं.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी माणूस, संस्कृत चांगलं. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगितलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे त्यात गुंतून गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. नातलग दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं वेगळ्या राहिल्या.

लक्ष्मीबाईंचा 'नाही' उघड होता. त्यांच्या बाजूने बघा ना. सोवळंओवळं, जात, सगळे सगेसोयरे, लहानपणापासून ज्याला पवित्र मानलं ते सगळंच पणाला लागलेलं. नवऱ्याला पटलं म्हणून मलाही पटलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी मनातून जातीची भिंत पडली, मग विश्वास आला. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाचेक वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे लिहायला घेतलं ते याच लक्ष्मीबाईंनी. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. वाचली नसतील तर जरूर वाचा.

त्या पाचेक वर्षांकडे मी परत परत बघतो. घाईने, दडपणाने काढून घेतलेला 'हो' त्या घरात कुणाच्या कामाला आला असता? येशूनेही कुणाला धरून ठेवलं नाही. योहान ६ मध्ये पुष्कळ जण त्याला सोडून गेले, तेव्हा तो बारा जणांकडे वळून विचारतो की तुम्हालाही जायचंय का (६:६७). दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं. म्हणून पेत्राच्या राहण्याला किंमत आहे.

५. झाडाखाली बसलेले काका

आता जवळचं सांगतो. माझे मोठे काका वाशीमकडे शेती करतात, सोयाबीन आणि तूर. काही वर्षांपूर्वी त्यांचा तरणा मुलगा अपघातात गेला. तेव्हापासून काका चर्चच्या आत आलेले नाहीत. पण दर रविवारी काकूला स्कूटरवरून आणतात आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसतात.

मागच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आत गाणं चालू होतं. काका म्हणाले, "लाजराला उठवलं ना त्यानं? बरं केलं. मंग माह्या पोराचं काय?" थोड्या वेळाने म्हणाले, "देव चांगला हाय म्हटलं, तं माह्यं पोरगं गेलं तेबी चांगलंच झालं म्हटल्यासारखं होते. मले नाही म्हणता येत तसं."

त्यांचा अविश्वास काय जपतो, ते मला तेव्हा कळलं. मान नाही, पद नाही. मुलाची आठवण. हे कळल्यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही.

पण अकराव्या अध्यायात काकांचाच प्रश्न विचारणाऱ्या दोन बहिणी आहेत. मार्था आणि मरीया दोघीही येशूला सांगतात की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता (११:२१, ३२). येशू त्यांना अविश्वासू म्हणून रागावत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, आणि मरीयेला रडताना पाहून स्वतः रडतो (११:३५). लाजराला उठवणार हे त्याला माहीत असतानाही तो रडला. म्हणजे देव चांगला आहे असं म्हणण्यासाठी मरण चांगलं म्हणावं लागत नाही. हे मी काकांना एक दिवस सांगेन, त्यांनी विचारलं तर.

काकू त्यांना कधी "आत या" म्हणत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पेरल्यावर रोज माती उकरून पाहाची नसते बापा." मार्क ४:२६-२९ मधला बी टाकणारा माणूस आठवला. तो झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही.

६. हिशेब तिथेच संपला नाही

योहानाने बाराव्या अध्यायात लपून राहणाऱ्यांबद्दल कडक लिहिलं. पण एकोणिसाव्या अध्यायात काय होतं? येशूचे सगळे धीट शिष्य पांगलेले असताना अरिमथाईकर योसेफ पुढे येतो. भीतीमुळे तो गुप्तपणे शिष्य होता, असं योहानच सांगतो (१९:३८). तो पिलाताकडे शरीर मागतो. सोबत निकदेम येतो, जो पहिल्यांदा रात्री आला होता, आणि भरपूर सुगंधी मसाले आणतो (१९:३९). आता लपायला जागाच उरली नव्हती. आणि ज्या भावांचा येशूवर विश्वास नव्हता (७:५), तेच पुढे प्रार्थना करणाऱ्यांमध्ये दिसतात (प्रेषित १:१४).

तेव्हा तुम्ही मनातल्या मनात मानत असाल, तर एवढं ओळखा की गुपित कायमचं घर नाही. कधी, कुणापुढे, कसं बोलायचं, हे प्रार्थनेत ठरवा. विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. आणि घरातलं कुणी अजून 'नाही' म्हणत असेल, तर तो 'नाही' काय जपतोय ते आधी प्रेमाने ऐका.

आजसाठी तीन प्रश्न, वहीत लिहून ठेवा:

मी येशूचं पूर्ण ऐकलं तर माझ्या हातून काय सुटेल, असं मला वाटतं?

कुणाच्या नजरेतला मान मला सगळ्यात जास्त प्रिय आहे?

माझ्या ओळखीत कडुलिंबाखाली कोण बसलंय, आणि मी त्यांच्या शेजारी शेवटचा कधी बसलो?

प्रार्थना: प्रभू येशू, आम्ही काय घट्ट धरून बसलो आहोत ते तुला दिसतं. आमच्या मुठी जबरदस्तीने उघडू नकोस, पण तुझा हात आमच्या हातावर असू दे. जे भितात त्यांना धीर दे, जे दुःखात आहेत त्यांच्याजवळ बस, आणि आम्हाला वाट पाहायला शिकव. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.