स्वयंचलित गिअरपेटीचे तेल आणि गाळणी

कुंभकोणम हे तमिळनाडूतील नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. तंजावर येथे दीर्घकाळ मराठी राज्य होते, आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच गावी झाला. गावातील देवळांभोवतीचे रस्ते अरुंद आहेत. उत्सवाच्या दिवशी तेथे मोटार पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही मंद गतीने सरकते. वैशाखातील कडक उन्हात अशा रस्त्यावर अडकलेल्या जुन्या स्वयंचलित मोटारीच्या पोटात काय घडत असते, हे समजले म्हणजे तिचे तेल वेळेवर का बदलावे हेही समजते.

साध्या मोटारीत इंजिन व गिअर यांची जोडणी क्लचने होते. स्वयंचलित मोटारीत ती तेलाच्या द्वारे होते. विजेचा एक पंखा चालू करून त्याच्या समोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर वाऱ्याच्या झोताने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. हवेच्या जागी तेल घ्यावे आणि दोन्ही पंखे एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवावेत, म्हणजे या जोडणीची कल्पना येते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ च्या सुमारास ती जहाजांसाठी योजिली. पुढे अमेरिकेत १९४० सालच्या ओल्डस्मोबिल मोटारींत तेलाच्या जोडणीची स्वयंचलित गिअरपेटी बसविण्यात आली. भारतात अशा मोटारी बराच काळ परदेशातूनच येत. १९९० नंतरच्या दशकात मारुती झेनसारख्या लहान मोटारीचीही स्वयंचलित आवृत्ती निघाली, आणि आज जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या गाड्यांत तिची गणना होते.

मोटार संथ चालते किंवा थांबते तेव्हा एक पंखा वेगाने फिरत असतो व दुसरा जवळजवळ स्थिर असतो. मधल्या तेलाचे घुसळण होते आणि इंजिनाची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते. तपमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. हेच तेल गिअर बदलणाऱ्या क्लचपट्ट्यांवर दाब देते, दातेरी चाकांना वंगण पुरविते आणि उष्णता वाहूनही नेते. एकाच द्रवावर इतकी कामे सोपविली असल्याने तो बिघडला की सारेच बिघडते.

तेल पंपात शिरण्यापूर्वी गाळणीतून जाते. कुंभकोणमची डिग्री कॉफी ज्या पितळी फिल्टरमध्ये करतात त्याची येथे आठवण होते, पण एक भेद ध्यानात घ्यावा. कॉफीची गाळणी तुंबली तर काढा थेंबथेंब उतरतो, इतकेच. गिअरपेटीतील पंप मात्र तेल शोषून घेत असतो. गाळणी तुंबल्यास त्याला पुरेसे तेल मिळत नाही, दाब घटतो, क्लचपट्ट्या घसरू लागतात आणि घसरताना त्या जळतात.

तेल बदलण्यापूर्वी मोटारीच्या पुस्तिकेत तेलाची नेमकी जात पाहावी. लाल रंग सारखा दिसला म्हणून दोन तेले सारखी नसतात. नंतर मोटार थोडी चालवून तेल कोमट करावे. फार तापलेले तेल हात भाजते. कावेरीकाठची गाळाची जमीन मऊ असते. तीत जॅक रुतून मोटार कलंडण्याचा धोका असतो. म्हणून हे काम सिमेंटच्या पक्क्या, सपाट जमिनीवरच करावे, चाकांना लाकडी ठोकळ्यांची अडण लावावी आणि मोटार भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये.

गिअरपेटीच्या तळाच्या पात्राला कारखान्यांत चेंबर म्हणतात. अनेक जुन्या मोटारींत त्याला तेल सोडण्याचा बूच नसतो. अशा वेळी एका बाजूचे बोल्ट काढून दुसऱ्या बाजूचे केवळ सैल करावेत, म्हणजे चेंबर कलते व तेल एका कडेने परातीत पडते. ते मोजून ठेवावे.

आता खरा तपास सुरू होतो. तेल तपकिरी असून त्याला करपट वास येत असेल, तर ते जळले आहे. ते दुधाळ गुलाबी दिसल्यास रेडिएटरमधील पाणी त्यात शिरले असण्याचा संभव असतो. चेंबरमधील लोहचुंबकावर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे. परंतु लोखंडाचे कण बोचू लागले, अथवा जवळच्या स्वामीमलै येथे पंचलोहाच्या मूर्तींवर कानस चालविताना पडतो तसा पिवळा कीस दिसला, तर आतील धारवे झिजत आहेत असे समजावे. मग केवळ नवे तेल पुरेसे नाही.

गाळणी काढताना तिच्या नळीची जुनी रबरी कडी वर अडकून राहण्याची शक्यता असते. ती राहिली आणि नवी नीट बसली नाही, तर पंप तेलाबरोबर हवाही शोषतो व तेलाला फेस येतो. कापडी वा कागदी गाळणी रॉकेलने धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर महाग पडते. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढावे. पुसण्यास धागे सुटणारी चिंधी घेऊ नये. बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे, पुस्तिकेत सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. ॲल्युमिनियमचे आटे सहज मोडतात.

निघाले त्याहून किंचित कमी तेल प्रथम भरावे. मग मोटार जमिनीवर उतरवून, इंजिन चालू करून व ब्रेक दाबून ठेवून गिअरचा दांडा सर्व स्थानांतून एकदा फिरवावा. बहुतेक मोटारींत तेलाची पातळी इंजिन चालू असतानाच मोजतात. तेल अधिक झाले तरी फेस होतो. पंख्यांच्या डब्यात जुने तेल बरेच उरलेले असते. त्यामुळे काही शे किलोमीटरनंतर तेल पुन्हा एकदा बदलणे इष्ट ठरते. दाबाच्या यंत्राने सारे तेल एकदम बाहेर लोटण्यापेक्षा जुन्या गिअरपेटीस हा सावकाश मार्ग मानवतो.

वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या मोटारीत नवे तेल घातले की गिअरपेटी बसते, अशी समजूत आढळते. तिच्यात तथ्याचा अंश आहे, पण कारण उलटे लावले जाते. जिच्या क्लचपट्ट्या आधीच झिजून घसरत आहेत अशीच मोटार बहुधा शेवटचा उपाय म्हणून तेलबदलासाठी आणली जाते. तिचे दुखणे जुने असते आणि दोष नव्या तेलावर येतो. ज्या मोटारीचे गिअर अद्याप सुरळीत पडतात, तिचे तेल निःशंकपणे बदलावे.

परातीतील जुने तेल गटारात ओतले तर ते पावसाबरोबर अरसलारमध्ये जाते, आणि तेथून भाताच्या शेतांत. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात भरून अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडे पोहोचविण्याची व्यवस्था असलेल्या कारखान्याच्या स्वाधीन करावे.