रताळे : उपवासाचे आणि रोजचेही

महाशिवरात्र किंवा आषाढी एकादशी जवळ आली की मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात आणि माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न सुरू होतो, "डॉक्टर, शुगर आहे, रताळे चालेल का?" विचारणाऱ्यांत दोन प्रकार असतात. काही जण रताळे गोड म्हणून त्याला हातही लावत नाहीत, पण साबुदाण्याची खिचडी दोन बशा खातात. काही जण 'कंदमूळच ते, त्याने काय होणार' असे म्हणून पाकातल्या चकत्या वाटीभर संपवतात. या दोघांनाही माझे उत्तर एकच असते. रताळे चालते, पण ते कसे शिजवले आणि किती खाल्ले यावर सगळे अवलंबून आहे.

आधी साबुदाण्याचे पाहू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात चोथा नसल्यासारखाच. रताळ्यातही पिष्ट आहेच, पण शंभर ग्रॅम रताळ्यात सुमारे तीन ग्रॅम चोथा आणि भरपूर पोटॅशियम असते, उष्मांक सुमारे 86. दीडशे ग्रॅमचे मध्यम रताळे म्हणजे पिष्टाच्या हिशेबाने साधारण एक मध्यम भाकरी. मधुमेही वाचकांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. रताळे खायचे ते भाकरीच्या किंवा खिचडीच्या जागी, तिच्या जोडीला नव्हे. (गंमत म्हणजे आपले हे उपवासाचे ताट मूळचे अमेरिका खंडातले. रताळे, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद, सगळे तिकडून आलेले!)

आता शिजवण्याकडे वळू. चुलीच्या आरात भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा गोड का लागते, हे अनेक गृहिणींनी मला विचारले आहे. रताळ्यात पिष्टाची साखर करणारे एक एंझाइम असते. रताळे गरम होताना साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान ते जोरात काम करते. राखेत रताळे हळूहळू तापते, म्हणून त्याला भरपूर वेळ मिळतो. शिवाय पाणी आटून गोडी दाट होते. कुकरमध्ये हा टप्पा झटकन ओलांडला जातो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी उकडलेले रताळे खावे. भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर जास्त वेगाने चढते. निरोगी माणसाने, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांनी, भाजलेले खुशाल खावे. चूल नसेल तर जाड बुडाच्या लोखंडी कढईत पाणी न घालता सालीसकट रताळी ठेवा, वर झाकण घाला, आच अगदी मंद करा आणि अधूनमधून फिरवत पाऊण तास धीर धरा. सालीतून चिकट पाक बाहेर येऊ लागला की झाले.

उकडताना रताळी सोलू नका, चिरू नका. स्वच्छ धुऊन, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता, सालीसकट ठेवा. दोन-तीन शिट्ट्या पुरतात. पाण्यात बुडवून उकडली तर चवही पाण्यात जाते.

कीस हा मात्र माझ्या मते रताळ्याचा सर्वांत चांगला प्रकार. अर्धा किलो रताळी सोलून थेट पाण्यात किसावीत, म्हणजे कीस काळा पडत नाही. घट्ट पिळून घ्यावा. दोन चमचे तुपात जिरे आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे टाकून कीस घालावा, झाकणावर पाणी ठेवून दोन वाफा आणाव्यात. सारखे ढवळू नये, लगदा होतो. मग मीठ, पाऊण वाटी शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे आणि वरून लिंबू. रताळ्यात प्रथिने अगदी कमी, ती उणीव कूट भरून काढते. सोबत वाटीभर दही किंवा ताक घेतले की मधुमेही माणसाचाही उपवास व्यवस्थित पार पडतो. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपवास धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी साखर एकदम खाली गेली तर ते साखर चढण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

तुपातल्या गोड चकत्या आणि खीर सणापुरती ठेवावी, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दह्यातली कोशिंबीर मात्र जरूर करून पाहा. उकडलेल्या रताळ्याच्या फोडी, घट्ट दही, कूट, मीठ आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी. साखर घालायची गरजच पडत नाही.

पण रताळे उपवासालाच का? एरवी त्याच्या पातळ काचऱ्या मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतून पोळीबरोबर छान लागतात. (पोळी मग एक कमी!) उकडलेले रताळे ज्वारीच्या पिठात कुस्करून तिखट-मीठ, कांदा घालून थालीपीठ लावा, मुले न कुरकुरता खातात. गूळ आणि कणीक घालून केलेले घारगे प्रवासात दोन दिवस टिकतात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला उकडलेले रताळे मऊ कुस्करून, मीठ-साखर न घालता भरवता येते.

रताळे डोळ्यांना चांगले, असे सरसकट सांगितले जाते. ते आतून केशरी असलेल्या रताळ्यापुरते खरे आहे. 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन त्यात विपुल असते. आफ्रिकेत बालकांमधली 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता दूर करण्यासाठी ही जात पसरवणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही 'भू सोना' ही केशरी जात निघाली आहे. आपल्या बाजारात मुख्यतः मिळणारे, लाल सालीचे आणि आतून पांढरे रताळे त्या बाबतीत मागे आहे. केशरी मिळाले तर चमचाभर तुपाबरोबर खावे, स्निग्धाशिवाय कॅरोटीन नीट शोषले जात नाही.

ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी मात्र पोटॅशियममुळे रताळे डॉक्टरांना विचारूनच खावे.

विकत घेताना टणक, बिनछिद्रांची रताळी निवडा. ती फ्रीजमध्ये ठेवू नका, गारठ्याने आतला गर कडक होतो. टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या जागी ठेवा. भुंगा लागलेले, काळे डाग पडलेले किंवा बुरशी आलेले रताळे कडू लागते. तो कडूपणा कीड आणि बुरशीमुळे कंदात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने जात नाही. डाग काढून उरलेला भाग वापरण्याची काटकसर करू नका, सबंध रताळे टाकून द्या. आणि टाकताना गोठ्यात टाकू नका. बुरशीची रताळी खाऊन गुरांना फुफ्फुसाचा जीवघेणा आजार होतो. ती खड्ड्यात पुरून टाकावीत.