संग्रहालय झालेली जहाजे

जहाजांच्या प्रतिकृती, होकायंत्रे आणि नकाशे काचेच्या कपाटांत मांडणे, एवढेच एके काळी सागरी संग्रहालयाचे कार्य मानले जात असे. पुढे प्रत्यक्ष जहाजच जतन करण्याची कल्पना रुजली आणि व्यवस्थापनाचा प्रश्न मुळातूनच बदलला. कारण येथे इमारत व प्रदर्शित वस्तू एकच असते, आणि ती बहुधा खाऱ्या पाण्यात उभी असते.

भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६१ मध्ये बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेली ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली व मुंबईत तिचे संग्रहालय करण्यात आले. प्रेक्षक कौतुकाने येत. पोलादी तळ मात्र झिजतच होता. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये, न्यायालयात दाद मागूनही, मोडीत निघाली.

विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी टिकली. २००१ मध्ये सेवामुक्त झाल्यावर ती किनाऱ्यावर ओढून घेण्यात आली आणि २००२ पासून प्रेक्षकांना खुली झाली. तिची व्यवस्था स्थानिक नगरविकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली; माहिती सांगण्यास निवृत्त नौसैनिक नेमले गेले. सुमारे ९१ मीटरांची पाणबुडी आणि २१३ मीटरांची विमानवाहू नौका यांची तुलना सर्वस्वी न्याय्य नव्हे, हे खरे. परंतु ‘कुरसुरा’च्या बाबतीत पाण्याबाहेर काढण्याचा मोठा खर्च आरंभीच उचलला गेला. ‘विक्रांत’साठीही कायमचा आधार बांधण्याच्या योजना आखल्या गेल्या होत्या, त्या कागदावरच राहिल्या.