पॅटर्न : शिवणक्लासातला आणि लातूरचा

प्रश्न : माझी आई नांदेडला शिवणक्लास घेते. ब्लाउज बेतायच्या कागदाला ती पॅटर्न म्हणते. भाऊ ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला शिकायला गेला. आणि वर्गातल्या एखाद्या तऱ्हेवाईक मुलाला आम्ही ‘हा वेगळाच पॅटर्न आहे’ म्हणतो. एकाच शब्दाचे असे तीन अर्थ कसे?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : शब्द एकच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ तुमच्या आईच्या कात्रीजवळच आहे. पॅटर्न म्हणजे कापडावरची नक्षी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण तो अर्थ मागाहून आला. लॅटिनमध्ये ‘पात्रोनुस’ म्हणजे आश्रयदाता. ज्याच्याकडे पाहून इतरांनी वागायचे, तो. त्यावरून, जिच्याबरहुकूम दुसरी वस्तू घडवायची ती वस्तू म्हणजे पॅटर्न. ओतकामातही वाळूत दाबून साचा उमटवायच्या लाकडी नमुन्याला पॅटर्नच म्हणतात. हा झाला शब्दशः अर्थ. एकच आकृती पुन्हा पुन्हा उमटली की नक्षी होते, म्हणून पुढे नक्षीलाही तेच नाव मिळाले.

आता लातूर. इथे कागद नाही, कापड नाही; बेतायची आहे ती अभ्यासाची रीत. म्हणून हा अर्थ लाक्षणिक. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद विज्ञान महाविद्यालय अशा संस्थांनी ही रीत बसवली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग उजळणी करायची, सराव परीक्षांवर परीक्षा घ्यायच्या आणि तपासलेल्या पेपरातली चूक विद्यार्थ्याला दाखवून द्यायची. ‘लातूर पॅटर्न’ हा बोर्डाचा वेगळा अभ्यासक्रम आहे किंवा ते एखाद्या क्लासचे नाव आहे, हा समज चुकीचा. राजर्षी शाहूचे माजी प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या घडणीत आदराने घेतले जाते. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरूही तेच.

एका गावी जमलेली रीत दुसऱ्या गावाला उचलता येते, म्हणून तिला पॅटर्न हे नाव शोभते. धुळे जिल्ह्यातला पाणी अडवण्याचा ‘शिरपूर पॅटर्न’ किंवा पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ ही नावे याच अर्थाने पडली. मराठीत यासाठी जुना शब्दप्रयोग आहेच : कित्ता गिरवणे. कित्ता म्हणजे मुळात वळणदार अक्षराचा नमुना; पुढे कोणाच्याही चांगल्या वागण्याचा.

राहिला तुमच्या वर्गातला मुलगा. ‘नमुना’ या शब्दाचे काय झाले ते आठवा. दुकानात धान्याचा नमुना दाखवतात, आणि घरात ‘काय नमुना आहे हा!’ असेही म्हणतात. नमुना म्हणजे प्रकार, आणि प्रकार म्हटले की ‘भलताच प्रकार’ आलाच. पॅटर्न हा शब्द आता मराठीत त्याच वाटेने निघाला आहे. फरक एवढाच की आईचा आणि लातूरचा पॅटर्न दुसऱ्याने उचलावा म्हणून असतो, तर वर्गातला तो पॅटर्न दुसऱ्या कोणासारखा नाही म्हणूनच त्याला ते नाव पडते.