रंग बघून इंजिन घेऊ नका

आमच्या इंदापूर तालुक्यात माणूस गाडी सहजासहजी मोडीत काढत नाही. लासुर्णे, शेळगाव, निमगाव केतकीकडे दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी म्हणजे घरातली कर्तीच. उसाचं बिल जमा झालं की आधी सोसायटी, मग मुलांच्या फिया, आणि उरलं तर गाडीचं काम. त्यामुळे इंजिन बसलं की नवी गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न येत नाही; इंजिन कुठून आणायचं हा येतो. त्यात बीएस-6 आलं आणि एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आपल्याकडच्या कितीतरी स्विफ्ट-डिझायर ज्या 1248 सीसीच्या इंजिनावर पळतात, ते कंपनी आता बनवत नाही. मग कुणीतरी सांगतं, "रिकंडिशन इंजिन तयार मिळतंय, टाकून घ्या."

आमचीही डिझायरच, एमएच-42 पासिंगची. भर उन्हाळ्यात सोलापूर हायवेला पळसदेवजवळ रेडिएटरचा होस फुटला. गाडी पुतण्याच्या हातात, आत लग्नाचे पाहुणे. काटा लाल झाला तरी पठ्ठ्याने लोणी देवकरपर्यंत ओढत आणली. हेड वाकलं, एक पिस्टन बोअरमध्ये चिकटला. पुण्याच्या बाजूला एका विक्रेत्याकडे 'फुल रिकंडिशन' इंजिन तयार होतं. आपलं जुनं इंजिन द्यायचं, वरचा फरक भरायचा, सहा महिन्यांची वॉरंटी. इंजिन आलं तेव्हा चंदेरी रंगाने असं चमकत होतं की बघायला गल्ली जमली.

पाऊस सुरू व्हायच्या आत ते तेल खायला लागलं. सकाळी स्टार्टर मारला की मागे निळा धूर, आणि डिपस्टिकवर तेल दर आठवड्याला खाली. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार होतं: "तुम्ही गाडी तापवली असणार, वॉरंटी लागू नाही."

शेवटी बारामती एमआयडीसीतल्या एका लेथवर इंजिन उघडलं. मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी हेडच्या कडेचा रंग नखाने खरवडला. खाली जुनं, काळं पडलेलं सिलिकॉन होतं. "मालक, रंग गॅस्केटवरनं मारलाय. म्हणजे हेड खोललंच नाही, नुसतं वरनं सजवलंय." मग ऑइल चेंबर उतरवलं. तळाशी डांबरासारखा गाळ. बिग-एंडच्या बेअरिंगवरचा राखाडी थर झिजून तांबं उघडं पडलेलं. हेड काढलं तर चारही पिस्टनच्या डोक्यावर 'एसटीडी', म्हणजे मूळ साइज. विक्रेत्याने आम्हाला बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकल्याचं सांगितलं होतं. बोअर मोठा केला असता तर तिथे साइजचा आकडा असता. बोअरमध्ये बोट फिरवलं तर उभे चरे नखाला लागत होते.

आमच्या वडिलांच्या पिढीने विहिरीवरच्या साताऱ्याच्या कूपर इंजिनाची पिस्टन-रिंग स्वतःच्या हाताने बदलली आहे. त्यामुळे इंजिनातलं आपल्याला कळतं असा घरोघरी समज असतो. पण एका सिलिंडरचं सावकाश चालणारं शेतीचं इंजिन वेगळं आणि टर्बो लावलेलं, चार सिलिंडरचं, कॉमन-रेल डिझेल वेगळं. इथे कसर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. ती नजरेला दिसत नाही, म्हणूनच रंगाला भाव येतो.

म्हणून विक्रेत्याकडे कागद मागा. चारही बोअरचं आणि क्रँकच्या जर्नलचं माप, पिस्टन आणि बेअरिंग कोणत्या साइजचे टाकले, हेडला फेसिंग केलं का, ऑइल पंप नवा की जुनाच. काम खरोखर झालं असेल तर मशिन शॉपची चिठ्ठी असतेच, कारण माप घेतल्याशिवाय बोअर करता येत नाही. चिठ्ठी नाही म्हणाला तर काम झालेलं नाही असं धरून चालायला हरकत नाही. काढलेले जुने पिस्टन, बेअरिंग दाखवायला सांगा. चांगला माणूस पोत्यात भरून समोर ठेवतो.

रिकंडिशनच्या नावाखाली बाजारात तीन माल फिरतात. एक, मायापुरी किंवा कुर्ल्याच्या बाजारातून आलेलं, अपघाती गाडीतून काढून नुसतं धुतलेलं इंजिन. दुसरं, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट किट टाकलेलं. तिसरं, पूर्ण खोलून, मोजून, यंत्रावर काम करून कंपनीच्या मापात आणलेलं. कॅटरपिलरसारख्या कंपन्या 1973 पासून हा तिसरा धंदा कारखाना थाटून करतात. तिन्हींच्या किमतीत मोठा फरक असायला हवा. पहिला माल तिसऱ्याच्या भावात विकला जातो, तिथे सगळी गोम आहे.

इंजिन चालू करून दाखवणार असतील तर ते गार असताना पोचा. आधी मॅनिफोल्डला हात लावा. कोमट लागलं तर तुमच्या येण्याआधी गरम करून ठेवलंय. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडा. आतून फुसफुस धुराचा झोत आला तर रिंगा गेल्या. कॉम्प्रेशनचं मीटर लावून घ्या. आकडा तर बघाच, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आहेत का ते जास्त महत्त्वाचं. टर्बो, इंजेक्टर, वॉटर पंप, टायमिंग चेन किमतीत आहे की नाही, हे बिलावर लिहून घ्या. 'मोकळं इंजिन' स्वस्त वाटतं, जोडणी करता करता खिसा मोकळा होतो.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न मिस्त्रींनी आम्हाला विचारला: "जुनं कशानं गेलं?" होस फुटला, हे आमचं उत्तर. त्यांनी रेडिएटरची नळी कापून दाखवली. आत पांढरा क्षार, पेन्सिलीचं टोकसुद्धा जाईना. आमच्या बोअरवेलचं पाणी! आमच्या भागातल्या नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं 1885 साली, आणि 1910 मध्येच पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरल्ड मान यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहावं लागलं होतं. जमीन चोपण करतो तो मुख्यतः सोडियम, आणि रेडिएटरमध्ये बसतात ते कठीण पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. नव्या इंजिनाला तोच रेडिएटर, तोच थर्मोस्टॅट आणि तेच बोअरवेलचं पाणी दिलं तर तेही त्याच आजाराने जाणार. रेडिएटर बदला किंवा उघडून साफ करा, आणि आत कूलंट आणि शुद्ध पाणीच घाला. तेलाअभावी इंजिन गेलं असेल तर टर्बोची तेलाची नळी आणि ऑइल कूलर तपासल्याशिवाय नवं इंजिन चढवू नका. जुन्याचा चुरा त्यातच अडकलेला असतो.

काही विक्रेते ब्लॉकवर एक छोटी टिकली चिकटवतात. सव्वाशे अंशांच्या आसपास तिचा मधला भाग वितळतो आणि त्यांना गाडी तापल्याचा पुरावा मिळतो. हे योग्यच आहे, फक्त टिकली बसवताना शाबूत होती याचा फोटो तुम्हीही काढून ठेवा. आमच्या इंजिनाला टिकली नव्हती, तरी 'तापवली' म्हणून हात वर केले.

माझं मत विचाराल तर ब्लॉकला तडा गेला नसेल तर आपलंच इंजिन करून घ्यावं. आठ-दहा दिवस जास्त जातील, पण त्याचा इतिहास आपल्याला माहीत असतो. नंतरचे पहिले हजार किलोमीटर गाडी जड लोड न देता, वेग कमी-जास्त करत चालवा. तासन्‌तास जागेवर सुरू ठेवली तर रिंगा बसत नाहीत. हजाराच्या आत तेल आणि फिल्टर एकदा बदला, कंपनीचं कोष्टक काहीही म्हणो.

दुसऱ्याचं इंजिन टाकलंत तर त्याचा नंबर आरसीवर चढवून घ्या. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे ही नोंद लागतेच, आणि नंबर जुळला नाही तर क्लेमच्या वेळी विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. नंबर खरवडलेला असेल, किंवा ज्या गाडीतून काढलं तिचे कागद नसतील, तर इंजिन चोरीचं असू शकतं. अशा मालाला हात लावू नका.

बिलाचं म्हणाल तर आमच्या बिलावर 'जुने इंजिन, जसे आहे तसे' एवढंच होतं. 'फुल रिकंडिशन' फक्त तोंडी. तुमच्या बिलावर इंजिन नंबर, केलेलं काम, वॉरंटीचे महिने आणि मजुरी कोण देणार, हे लिहून घ्या. असं बिल हातात असलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे.