आवळ्याने कॅडमियम थोपते का?

प्रश्न : माझे पती दागिन्यांना केडीएमचा डाख देतात. रोज आवळा आणि ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर पुरे का?
– एक वाचक, मुक्ताईनगर

उत्तर : ताई, आवळा जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. केडीएममधले कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. फुंकणीच्या ज्योतीवर उठणारा तपकिरी धूर त्याचाच. तो पेशींमधला ग्लुटाथिऑन हा अँटिऑक्सिडंट संपवतो. शिवाय डीएनएची डागडुजी करणाऱ्या प्रथिनांतल्या जस्ताची जागा बळकावतो, आणि तिथे ‘क’ जीवनसत्त्वासारखे अँटिऑक्सिडंट फारसे कामी येत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांनी नुकसान घटले; माणसांत तसा भक्कम पुरावा नाही. गोळ्यांचा अतिरेकही नको: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिले, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढलाच (१९९४).

कॅडमियम मूत्रपिंडात १०-३० वर्षे मुक्काम ठोकते. म्हणून आधी डाख बदला, कॅडमियमविरहित मिळतो. धूर बाहेर ओढणारा पंखा बसवा. विडी बंद, तंबाखूतही कॅडमियम असते. रक्तात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम जास्त शोषते, तेव्हा हिमोग्लोबिन बघा. लघवीतील कॅडमियम आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तपासून घ्या. धुरानंतर काही तासांनी ताप, खोकला, दम लागला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.